गणिताच्या प्रश्नपेढीत नुसते ‘मूळ’ लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या अनेक लहान माध्यमिक शाळांत गणिताला एकच शिक्षक असतो. म्हणून आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक मिळून प्रश्नपेढी तयार करतात, ती गुगल शीटवर ठेवतात आणि घटक चाचणीला, सराव परीक्षेला तिच्यातून प्रश्न उचलतात. रेड अलर्टमुळे शाळा बंद राहिली की मुलांच्या फोनवर जाणारा सरावसंचही याच पेढीतून निघतो. मुलांनी पाठवलेल्या शंकाही तिथेच जमा होतात. पेढी जितकी मोठी, तितके तिच्यातून नेमका प्रश्न शोधणे टॅगवर, म्हणजे प्रश्नाला खूण म्हणून लावलेल्या शब्दावर, अवलंबून असते आणि हे टॅगच आज सर्वांत कच्चे आहेत. प्रश्नात जो शब्द ठळक दिसला तो टॅग म्हणून चिकटवायचा, अशी पद्धत पडली आहे. गणितात ती चालत नाही, कारण एकच शब्द दोन-तीन प्रकरणांत वेगवेगळ्या अर्थाने बसलेला असतो.

‘मूळ’ हाच शब्द घ्या. वर्गसमीकरणाची मुळे दहावीच्या बीजगणितात, वर्गमूळ-घनमूळ आठवीत, मूळ संख्या त्याच्याही खालच्या इयत्तांत. शेकडेवारीच्या उदाहरणात वस्तूची मूळ किंमत येते ती वेगळीच. ‘मूळ’ एवढाच टॅग निवडला की हे चारही ढीग एकत्र पुढे येतात. दहावीचा मुलगा वर्गसमीकरणाची उजळणी करायला बसतो आणि त्याच्यासमोर १ ते १०० मधल्या मूळ संख्या लिहिण्याचा प्रश्न येतो. अनेकवचन शोधायला जावे तर आणखी घोळ. शीटच्या फिल्टरमध्ये ‘मुळे’ टाकले की ‘त्यामुळे’, ‘पावसामुळे’, ‘सवलतीमुळे’ असलेला प्रत्येक शाब्दिक प्रश्न बाहेर येतो.

अक्षरांचा असा सापळा मराठीत जागोजागी आहे. ‘पूर्णांक’ शोधला की ‘अपूर्णांक’ मिळतो. ‘संच’ शोधला की सांख्यिकीतली ‘संचित वारंवारता’ येते. ‘मध्य’ टाकला तर मध्यक, मध्यगा, मध्यबिंदू, वर्गमध्य, भूमितीमध्य आणि शिवाय ‘त्रिकोणामध्ये’, ‘वर्तुळामध्ये’ असलेली प्रत्येक ओळ. ‘वर्ग’ टाकला तर वर्गसमीकरण, वर्गांतर आणि ‘वर्गातील ४० विद्यार्थ्यांची उंची’. प्रश्नाच्या मजकुरात शब्द शोधून टॅगचे काम भागत नाही ते यासाठी. टॅगला शीटमध्ये स्वतंत्र स्तंभ हवा आणि फिल्टर त्या स्तंभावर लागला पाहिजे.

टॅग चुकला तर बिघडते काय, हे नीट समजून घ्यायला हवे. दहावीला गणित भाग १ (बीजगणित) आणि भाग २ (भूमिती) अशा ४०-४० गुणांच्या दोन वेगळ्या लेखी परीक्षा असतात. मध्यक हा भाग १ मधल्या सांख्यिकीचा, मध्यगा ही भाग २ मधल्या भूमितीची. इंग्रजीत या दोहोंना एकच शब्द आहे, ‘मीडियन’. सेमी इंग्रजीच्या वर्गासाठी लिहिलेल्या प्रश्नावर कोणी ‘मीडियन’ एवढाच टॅग ठेवला आणि शीटमधून सराव प्रश्नपत्रिका आपोआप तयार केली, तर त्रिकोणाच्या मध्यगेचा प्रश्न बीजगणिताच्या पेपरात जाऊन बसतो. प्रकरणवार गुणांची विभागणी तर कोलमडतेच, शिवाय ज्याने भूमिती अजून हातात घेतलेली नाही त्याला तो प्रश्न सोडवावा लागतो. हीच गोष्ट ‘टँजंट’ची: वर्तुळाची स्पर्शिका की त्रिकोणमितीतले टॅन? ‘सीकंट’ म्हणजे वृत्तछेदिका की कोसाइनचा व्यस्त? ‘डिग्री’ म्हणजे बहुपदीची कोटी की कोनाचा अंश? या सगळ्या ठिकाणी मराठीत दोन स्वतंत्र शब्द आहेत. म्हणून सेमी इंग्रजीच्या पेढीतही मुख्य टॅग मराठीत ठेवावा आणि इंग्रजी शब्द त्याचा पर्याय म्हणून नोंदवावा, असे आमचे ठाम मत आहे.

मराठी सगळीकडे सोयीची आहे असेही नाही. ‘कोटी’ म्हणजे बहुपदीची कोटी, अर्थनियोजनात एक कोटीची उलाढाल, आणि ज्यांची बेरीज ९० अंश ते कोटिकोन. ‘पाया’ त्रिकोणाचाही, घातांकाच्या खालच्या संख्येचाही आणि लॉगचाही. ‘छेद’ अपूर्णांकाचा आणि दोन संचांचा. ‘एकक’ म्हणजे स्थानिक किमतीतले एकक स्थान आणि मोजमापाचे एककही. ‘व्यस्त’ तर तीन जागी येतो: गुणाकार व्यस्त, बेरीज व्यस्त आणि व्यस्त प्रमाण. त्याला लागूनच प्रमेयाचा ‘व्यत्यास’ आहे, घाईत तोही ‘व्यस्त’ म्हणून लिहिला जातो. कोकणात नारळ शेकड्याने विकतात. ‘नारळाचा भाव शेकडा २,५०० रुपये असेल तर ३६ नारळांचे किती?’ या प्रश्नाला ‘शेकडेवारी’ टॅग लागलेला दिसतो. इथे शेकडा म्हणजे १०० नग. एक नारळ २५ रुपयांना, ३६ नारळ ९०० रुपयांना. हे एकमान पद्धतीचे उदाहरण झाले, शेकडेवारीचा त्यात काही संबंध नाही.

सर्वांत धोकादायक गल्लत मात्र हिंदीतून येते. मुले यूट्यूबवर हिंदीतले व्हिडिओ पाहतात, त्यातले प्रश्न उतरवून पाठवतात आणि पेढी भरणारे ते तसेच चढवतात. मराठी पाठ्यपुस्तकात बेरीज ९० अंश असणारे कोटिकोन आणि १८० अंश असणारे पूरक कोन. हिंदीत ९० अंशांना ‘पूरक’ म्हणतात, १८० अंशांना ‘संपूरक’. ‘३५ अंशांच्या कोनाच्या पूरक कोनाचे माप काढा’ या एकाच ओळीचे मराठी पुस्तकानुसार उत्तर १४५ अंश, हिंदीनुसार ५५ अंश. बहुपर्यायी प्रश्नात हे दोन्ही पर्याय हमखास दिलेले असतात. मुलाला विषय येतो, तरी गुण जातात. त्यात इंग्रजी ‘काँप्लिमेंट’ संचाच्या बाबतीत मराठीत ‘पूरक संच’ होतो आणि कोनाच्या बाबतीत ‘कोटिकोन’, म्हणजे इंग्रजीवरून अंदाज बांधणाराही फसतो. असाच दुसरा शब्द ‘समांतर’. अंकगणिती श्रेढीला हिंदीत ‘समांतर श्रेढी’ म्हणतात. नुसता ‘समांतर’ शब्द बघून टॅग लावला की श्रेढीचा प्रश्न नववीच्या समांतर रेषांत जाऊन पडतो. बहुपदीच्या कोटीला हिंदीत ‘घात’ म्हणतात, त्यामुळे तो प्रश्न घातांकात. म्हणून प्रश्न कुठून आला हे एका स्तंभात लिहिण्याची सवय लावून घ्यावी. स्रोत हिंदी असेल तर पूरक, समांतर, घात या शब्दांपाशी थांबून मूळ अर्थ तपासावा आणि मजकूर आपल्या पाठ्यपुस्तकाच्या परिभाषेत लिहून घ्यावा.

एक अडचण निव्वळ लिपीची आहे. ‘धन’ आणि ‘घन’ यांत डोक्यावरच्या रेघेच्या एका तुकड्याचा फरक. जुन्या छापील संचाचा फोटो काढून फोनवर मजकूर उचलला की ध चा घ आणि घ चा ध सहज होतो. एरवी असली चूक वाचणाऱ्याच्या लक्षात येते. इथे येत नाही, कारण दोन्ही शब्द गणितातलेच आहेत. ६४ चे धन वर्गमूळ ८, आणि ६४ चे घनमूळ ४. ‘धन मूळ’ आणि ‘घनमूळ’ दोन्ही वाक्यात चपखल बसतात, शुद्धलेखन तपासणीतूनही दोन्ही सुटतात. असा उचललेला मजकूर उत्तरसूचीशी पडताळल्याशिवाय पेढीत घेऊ नये. उत्तर जुळले नाही की आधी ध-घ पाहावे.

आता टॅग लावायचा कसा, ते सांगतो. पहिला नियम: प्रश्न सोडवल्याशिवाय टॅग लावू नये. हे कटकटीचे वाटते, पण शब्द वाचून लावलेला टॅग आणि सोडवून लावलेला टॅग यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. ‘४ आणि ९ यांचा भूमितीमध्य काढा.’ उत्तर ६. ‘काटकोन त्रिकोणात कर्णावर टाकलेल्या शिरोलंबामुळे कर्णाचे ४ आणि ९ सेंमी असे भाग होतात, तर शिरोलंबाची लांबी काढा.’ उत्तर पुन्हा ६, रीतही तीच, ४ गुणिले ९ चे वर्गमूळ. पण पहिला नववीच्या ‘गुणोत्तर व प्रमाण’ प्रकरणातला, परंपरित प्रमाणाचा. दुसरा दहावीच्या ‘पायथागोरसचे प्रमेय’ प्रकरणातला, भूमितीमध्याच्या प्रमेयाचा. नाव पाहून पहिला कोणीही भूमितीत टाकील. दुसऱ्यात तर ‘भूमितीमध्य’ हा शब्दच नाही, त्यामुळे शब्द शोधणाऱ्याला तो कधी सापडणार नाही, आणि नेमका तोच सरावाला जास्त उपयोगाचा.

तसेच ‘समुद्रसपाटीपासून ७५ मीटर उंच दीपगृहाच्या टोकावरून होडी ३० अंशांच्या अवनत कोनात दिसते, तर होडीचे दीपगृहाच्या पायथ्यापासून अंतर किती?’ यात ‘अंतर’ आहे म्हणून निर्देशक भूमितीतल्या अंतराच्या सूत्राखाली हा प्रश्न घालणे चूक. तो त्रिकोणमितीचा. उत्तर ७५ गुणिले ३ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १३० मीटर. काय विचारले आहे यापेक्षा कोणत्या संकल्पनेने सुटते ते मुख्य टॅगमध्ये जावे.

शीटमध्ये टॅगसाठी तीन स्तंभ पुरतात: इयत्ता-भाग-प्रकरण, मुख्य संकल्पना आणि सहायक संकल्पना. मुख्य एकच, सहायक फार तर दोन. सढळ हाताने पाच-सहा टॅग लावले की प्रत्येक फिल्टरमध्ये तोच प्रश्न येतो आणि फिल्टर निरुपयोगी होतो. उदाहरणार्थ, ‘ज्या वर्गसमीकरणाच्या मुळांची बेरीज ७ आणि गुणाकार १० आहे, त्याची दोन्ही मुळे मूळ संख्या आहेत का?’ मुळे २ आणि ५, उत्तर होय. मुख्य संकल्पना ‘समीकरणाचे मूळ’, सहायक ‘मूळ संख्या’. इथे नुसते ‘मूळ’ लिहिले असते तर एका शब्दात दोन्ही आले असते आणि काहीच कळले नसते.

दुसरा नियम: अनेकार्थी शब्द टॅग म्हणून एकटा कधीच ठेवू नये. ‘मूळ’ हा टॅगच नसावा. ‘समीकरणाचे मूळ’, ‘वर्गमूळ’, ‘घनमूळ’, ‘मूळ संख्या’ असावेत. ‘पाया’ नसावा, ‘त्रिकोणाचा पाया’, ‘घातांकाचा पाया’, ‘लॉगचा पाया’ असावेत. हे लक्षात ठेवण्यावर सोडू नये. शीटमध्ये डेटा व्हॅलिडेशन लावून ठरलेल्या टॅगचा ड्रॉपडाउन द्यावा आणि यादीबाहेरचे लिहिलेले नाकारले जाईल असे सेटिंग ठेवावे. नुसता इशारा देणारे सेटिंग ठेवले तर तो दुर्लक्षिला जातो. प्रत्येक टॅगसमोर दोन ओळींचा खुलासा हवा: काय येते, काय येत नाही, आणि एक नमुना प्रश्न. ‘काय येत नाही’ ही ओळ अधिक महत्त्वाची, कारण गल्लत तिथेच होते. ‘मध्यगा’समोर ‘सांख्यिकीतला मध्यक येथे नको’ एवढे लिहिले तरी निम्मे काम होते.

वेगळ्या पानावर पर्यायी शब्दांची यादी ठेवावी. सरासरी, मध्य, मध्यमान, माध्य या चौघांचे बोट ‘सांख्यिकीतील मध्य’ या एकाच टॅगकडे. अंकगणिती श्रेढी, अंकगणित श्रेढी, समांतर श्रेढी आणि इंग्रजी आद्याक्षरांतले ‘एपी’ यांचे ‘अंकगणिती श्रेढी’कडे. ज्या पर्यायाला दोन अर्थ आहेत त्याच्यापुढे एक टॅग लिहू नये, दोन्ही लिहावेत आणि निवड माणसाने करावी.

माणसांच्या नावाचे टॅगही यातून सुटत नाहीत. गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म आपल्याच किनाऱ्यावर, डहाणूला, १९०५ साली झाला. त्यांच्यावरचे प्रश्न मुलांना फार आवडतात आणि पेढीत ते ‘कापरेकर’ एवढ्याच टॅगखाली असतात. पण कापरेकर स्थिरांक म्हणजे ६१७४: चारही अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत गेले की जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ही संख्या येते. कापरेकर संख्या ही गोष्ट निराळी: ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ बरोबर ४५. हर्षद संख्या आणखी वेगळी, ती स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते. तिन्हींना तीन टॅग हवेत.

काही वेळा टॅग नव्हे, प्रश्नच संदिग्ध असतो. ‘लॉग २ ची किंमत लिहा’ यात पाया १० धरला तर ०.३०१०, पाया ई धरला तर ०.६९३१. ‘प्रत्येक समांतरभुज चौकोन हा समलंब चौकोन असतो का?’ याचे उत्तर व्याख्येवर ठरते. समांतर बाजूंची ‘एकच जोडी’ म्हटले तर नाही, ‘किमान एक जोडी’ म्हटले तर होय. शून्य ही नैसर्गिक संख्या धरायची का, यावरही पुस्तकापुस्तकांत फरक आहे. आपल्या पाठ्यपुस्तकात नैसर्गिक संख्या १ पासून आणि पूर्ण संख्या ० पासून. सीईटीची तयारी करणाऱ्यांना साइनच्या डोक्यावरचा उणे एक छळतो. तो व्यस्त फलाचा असतो, ‘एक छेद साइन’चा नव्हे. असे प्रश्न अंदाजाने टॅग करू नयेत आणि मजकूर गुपचूप बदलूही नये. पाठवणाऱ्याला विचारावे. तोपर्यंत ‘खुलासा हवा’ असा टॅग लावून प्रश्न वापरातून बाजूला ठेवावा. खुलासा आला की कोणती व्याख्या धरली ते प्रश्नातच लिहावे. खुलासा आलाच नाही तर प्रश्न काढून टाकलेला बरा.

राहिले जुन्या पेढीच्या दुरुस्तीचे. इथे मोठा मोह असतो तो ‘शोधा आणि बदला’चा. सगळीकडे ‘मूळ’च्या जागी ‘समीकरणाचे मूळ’ करून टाकू, एका क्लिकचे काम! असे कोणीही कृपया करू नये. ‘मूळ संख्या’चे ‘समीकरणाचे मूळ संख्या’ होते, ते निदान चुकीचे दिसते तरी. पण ‘वर्गमूळ’चे ‘वर्गसमीकरणाचे मूळ’ होते आणि ‘घनमूळ’चे ‘घनसमीकरणाचे मूळ’. दोन्ही अगदी शुद्ध, अर्थपूर्ण संज्ञा. आठवीचे वर्गमुळाचे सगळे प्रश्न एका क्षणात दहावीच्या वर्गसमीकरणात जातात आणि वाचणाऱ्याला कुठेही शंका येत नाही. बदल करण्याआधी शीटची प्रत काढून ठेवावी. संशयास्पद टॅग एकेक घेऊन त्याखालचे २० प्रश्न उघडून पाहावेत. २० पैकी दोन-तीन चुकलेले निघाले तर तेवढे सुधारावेत. निम्मे निघाले तर टॅगच मोडून त्याचे भाग करावेत आणि त्याखालचा प्रत्येक प्रश्न हाताने नव्याने लावावा. संगणकाकडून आपोआप टॅग सुचवून घेणारी साधने आता हाताशी आहेत. त्यांची सूचना जरूर घ्यावी, पण ती नेहमीच्या वापरातल्या अर्थाकडे झुकतात आणि हिंदी-मराठीतला ‘पूरक’चा भेद त्यांच्याकडून निसटू शकतो. शेवटची निवड प्रश्न सोडवणाऱ्या शिक्षकाचीच असावी.

आमची विनंती दोघांना आहे. भाषा संचालनालयाचा गणितशास्त्र परिभाषा कोश उपयोगी आहे, पण तो इंग्रजी शब्दाला मराठी शब्द देतो. एका मराठी शब्दाचे शालेय गणितात किती अर्थ आणि ते कोणत्या इयत्तेच्या कोणत्या प्रकरणात, अशी उलट दिशेची यादी बालभारतीने पाठ्यपुस्तकांच्या शेवटी द्यावी आणि हिंदीत अर्थ बदलतो तिथे खूण करावी. तोवर दोन्ही जिल्ह्यांतल्या शिक्षकांनी पुढच्या विषय सभेत एक सामाईक यादी ठरवून घ्यावी, म्हणजे दापोलीची पेढी वेंगुर्ल्यालाही जशीच्या तशी वापरता येईल. सगळ्या शब्दांना एकदम हात घालण्याची गरज नाही. मूळ, मध्य, पाया, कोटी, वर्ग, छेद, व्यस्त, पूरक, अंतर आणि एकक या दहापासून सुरुवात करावी. पेढीतला बराचसा घोळ या दहाच शब्दांपाशी आहे.

आपले नम्र,
गणिताचे काही माध्यमिक शिक्षक,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग